उद्या सकाळी उठान काय करतलंस?

परवा फवारणीचा पाईप काढायला माळ्यावर चढले आणि खाली आले ती माझी २०२२ ची डायरी घेऊन. पाईप राहिला वरच. डायरीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेलं "या वर्षीची ध्येयं", त्याखाली चौदा मुद्दे आणि प्रत्येकापुढे टिक करायला एक छोटा चौकोन. चौदातले दोन चौकोन भरलेले. एक, योगा मॅट घेणे. दुसरा, डायरी घेणे, म्हणजे ही डायरी, तो मुद्दा मी जरा हुरूप यावा म्हणून स्वतःच लिहून स्वतःच टिक केला होता. हसू नका, तुम्हीपण केलं असणार.

बाकीचे बारा वाचताना मला माझीच कीव आली. वजन ८ किलो कमी करणे. २४ पुस्तकं वाचणे. एक्सेलचा पुढचा कोर्स. कंपनीत सिनियर होणे. आईला महिन्यातून एकदा भेटणे. ३०० पेट्या थेट गिऱ्हाईकाला विकणे. स्कूटर शिकणे. मालवणी बोलायला शिकणे. "पैसे वाचवणे", किती ते नाही, कशातून ते नाही. पंप दुरुस्त करणे. मुलाचा अभ्यास रोज घेणे. आणि शेवटी एकटंच बसलेलं, "शांत राहणे".

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी मूळची डोंबिवलीची, लग्न होऊन पंधरा वर्षं डोंबिवलीतच, नवऱ्याचं गाव देवगड तालुक्यातलं. २०२० मध्ये लॉकडाऊनला गावी आलो ते पंधरा दिवसांसाठी आणि राहिलो ते राहिलोच. माझी पेरोलची नोकरी घरून चालू आहे, म्हणजे कंपनीतल्या चारशे लोकांचे पगार मी देवगडजवळच्या एका वाडीत, पडवीत बसून काढते आणि समोर आमची हापूसची बाग. बाग मोठी नाही, लहानमोठी धरून सत्तरेक कलमं. नवरा बाग बघतो, आणि बागेला खरं कोण बघतं तर माझे सासरे, तात्या.

तर ही यादी मी १ जानेवारीला लिहून मोठ्या कौतुकाने तात्यांना वाचून दाखवली होती. ते तेव्हा पडवीत बसून माडाच्या चुडताचे हीर काढत होते, खराटा बांधायला. कोयती चालू होती, मान वर नाही. मी वाचत गेले, ३०० पेट्यांवर आले तेव्हा हात थांबला.

"आकडो लिवलंस ता बरा केलंस. पण उद्या सकाळी उठान काय करतलंस ता खय लिवलंस?"

मी म्हटलं तात्या ते नंतर ठरवीन, हे ध्येय आहे. ते म्हणाले, "बरा." आणि परत हीर काढायला लागले. मला तेव्हा राग आला होता, जुन्या माणसांना कळत नाही प्लॅनिंग वगैरे असं मनात म्हटलं. आज तीच यादी हातात धरून बघितली तर खरंच, चौदापैकी एकाही मुद्द्यावरून दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं हे कळत नाही. योगा मॅट सोडून. ते कळत होतं, दुकानात जायचं होतं, म्हणून ते झालं.

तात्यांची स्वतःची डायरी नाही. त्यांचं कालनिर्णय आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एका खिळ्यावर वर्षानुवर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली आहेत, इतकी की दार पूर्ण उघडत नाही. (कालनिर्णय १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं, ते मूळचे मालवणचे, त्यामुळे आमच्याकडे त्याला जरा घरचंच समजतात.) त्याच्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी. "वरची बाग बोंगे फुगले." "मळभ. तुडतुडे." "दुसरी फवारणी." "थंडी पडली." "कणी धरली." "काढणी सुरू, ११ पेट्या." (बोंगे म्हणजे मोहोराचे कोंब, तुडतुडे म्हणजे मोहोराचा रस शोषणारे किडे, कणी म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ.) कुठेही "यंदा इतक्या पेट्या काढायच्या" असं नाही. मी खरंच जुनी सगळी कॅलेंडरं काढून बघितली, एका पावसाळ्यात, लाईट नव्हती म्हणून. एकदाही नाही.

पण मग तात्यांना ध्येय नाही का? आहे की. चांगला माल काढायचा, बाग पुढच्या पिढीला जिवंत द्यायची, हे इतकं पक्कं आहे की लिहायची गरज नाही. लिहायचं ते, काय दिसलं की काय करायचं. हापूसचं सगळं तसंच चालतं. पहिली फवारणी मोहोर फुटायच्या आधी, मग साधारण दोन-दोन आठवड्यांनी पुढच्या, पण मळभ आलं, तुडतुडा दिसला, भुरी म्हणजे मोहोरावरची पांढरी बुरशी दिसली की वेळापत्रक बाजूला. तारीख बघून नाही, झाड बघून. बोंगे फुगले की हे. कणी धरली की ते. आंबा चौदा आणे झाला, म्हणजे पुरता तयार व्हायला थोडाच राहिला, की काढायचा, कॅलेंडरवर १० एप्रिल आला म्हणून नाही.

हे मला कळायला बराच वेळ लागला आणि गंमत म्हणजे कळलं ते बागेतून नाही, ऑफिसच्या एका ट्रेनिंगनंतर. तिथे एक सर आले होते ऑनलाईन. दोन तास ध्येय ठरवण्यावर बोलले. त्यात त्यांनी ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली, व्हॉट्सऍपवर तुम्हालाही आली असेलच, की येल विद्यापीठात १९५३ च्या बॅचमधल्या फक्त ३ टक्के मुलांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांकडे बाकीच्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त संपत्ती होती. मला ते ऐकून काटा आला, मी लगेच शोधायला बसले, आणि कळलं की असा अभ्यास कधी झालाच नाही! येलनेच शोधून सांगितलंय की आमच्याकडे असं काही नाही. कधी येलच्या जागी हार्वर्ड घालतात, वर्ष बदलतात, टक्के मात्र तेच. एवढी वर्षं जगभरचे ट्रेनर एकमेकांचं ऐकून सांगतायत. आमच्या वाडीत वेताळाच्या गोष्टी अशाच चालतात, फक्त त्याचे कोणी पैसे घेत नाही.

पण शोधताना खरंही बरंच सापडलं, ते सांगते, कारण ध्येय लिहिणं सगळंच भंपक आहे असं मला म्हणायचं नाहीये.

एडविन लॉक म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९६८ मध्ये मांडलं की माणसाला "जमेल तेवढं चांगलं कर" असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड ध्येय दिलं तर काम जास्त चांगलं होतं. पुढे त्यांनी आणि गॅरी लॅथम यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग लाकडाच्या ट्रकांचा. ओक्लाहोमात जंगलातून ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण ६० टक्केच भरून जायचे. म्हणजे फेऱ्या वाढायच्या, डिझेल जायचं. ड्रायव्हर लोकांना सांगितलेलं होतंच की जमेल तेवढं भरा. मग त्यांना आकडा दिला, ९४ टक्के. ना बक्षीस ना दंड. काही महिन्यांत ट्रक ९० टक्क्यांच्या आसपास भरून जायला लागले. १९७५ मध्ये हे छापून आलं.

हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं बघ, आकडा लागतो. तो म्हणाला, ट्रकवाल्याला ओंडका समोर दिसतो, काटा समोर दिसतो, भरायचा हात त्याचा. आपल्याला जानेवारीत एप्रिलचा आंबा दिसतो का?

इथे मला पहिल्यांदा नीट ट्यूब पेटली. आकडा चालतो, जिथे काम कसं करायचं ते माहितीय आणि ते आपल्या हातात आहे. पेटी भरणे, एकशे दहा फॉर्म तपासणे, रोज चार किलोमीटर चालणे. तिथे आकडा बिनधास्त लावा आणि जरा तंगच लावा. पण आंबा? हापूस मुळात वर्षाआड धरणारं झाड. एका वर्षी लगडला की पुढच्या वर्षी विश्रांती. त्याला "गेल्या वर्षीपेक्षा २० टक्के जास्त" सांगून बघा. तात्यांना मी एकदा विचारलं होतं की आपल्याला दरवर्षी वाढ दाखवता येईल का, तर म्हणाले, "झाड काय तुझ्या हापिसात कामाक आसा?" हां, कल्टार नावाचं झाडाची वाढ रोखणारं औषध घालून दरवर्षी धरायला लावता येतं, पावसाळ्यात बुंध्याभोवती घालतात, बरेच बागायतदार घालतात आणि नीट प्रमाणात घातलं तर चालतंही. पण हाव करून जास्त घातलं, खत-पाणी तेवढं दिलं नाही, की पालवी आखूड येते, झाड दमतं, काही वर्षांनी नुसता सांगाडा. मला आमच्या कंपनीतले दोन-तीन चेहरे आठवतात हे बोलताना.

कंपनीचं सांगायचं तर आमच्याकडे एक वर्ष असं आलं की तक्रारींची तिकिटं किती बंद केली त्यावर रेटिंग. मग काय, लोक प्रश्न न सोडवता तिकीट बंद करायचे, समोरच्याने परत उघडलं की परत बंद, म्हणजे दोन मोजली जातात. आकडे त्या वर्षी इतके सुंदर आले की विचारू नका. कर्मचाऱ्यांचे पगार चुकायचे ते चुकतच होते.

मीपण त्या वर्षी लिहिलं होतं, "पगारातल्या चुका ५० टक्के कमी करणे". साहेब खूश. आणि मी रोज जास्त लक्ष देऊन काम करायला लागले. जास्त लक्ष देणे म्हणजे काय तर खुर्चीत जरा ताठ बसणे. चुका तेवढ्याच. मग एक दिवस वैतागून सहा महिन्यांच्या सगळ्या चुका एका कागदावर लिहिल्या, तात्यांच्या कॅलेंडरसारख्या, कधी काय झालं. निम्म्याहून जास्त चुका एकाच जातीच्या निघाल्या. महिन्याच्या मधे नवीन लागलेल्या लोकांचे बँक खाते नंबर, आणि तेही मी हजेरीची फाईल उशिरा आली म्हणून घाईघाईत केलेले. मग ध्येयबिय सोडून एकच वाक्य लिहिलं आणि मॉनिटरला चिकटवलं, "हजेरीची फाईल आली की आधी नवीन लोकांची खाती पासबुकाच्या फोटोशी ताडून बघायची, मग चहा." चहाचं महत्त्वाचं. चहा मी कधी विसरत नाही, त्यामुळे त्याच्या आधीचंही विसरत नाही. चुका ५० टक्के कमी झाल्या का मोजलं नाही, पण पुढच्या तीन महिन्यांत खात्याची चूक एकच झाली आणि तीसुद्धा मुलाला ताप होता त्या दिवशी.

हे असं लिहिण्याला म्हणे शास्त्रीय नाव आहे. पीटर गॉलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी मांडलंय, की नुसतं "मी अमुक करीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं ठरवलं तर ते होण्याची शक्यता बरीच वाढते. २००६ मध्ये त्यांनी आणि शीरन यांनी मिळून ९४ अभ्यास एकत्र करून बघितले आणि फरक चांगला घसघशीत निघाला. कारण साधंय, वेळ आली की आठवायला लागत नाही, ठरवायला लागत नाही, समोर दिसलेली गोष्टच आठवण करून देते. मी हे तात्यांना सांगितलं. ९४ अभ्यासांचं ऐकून म्हणाले, "इतके कित्याक?"

आता स्मार्ट गोल्स. हे सगळ्यांना पाठ असतं, नेमकं, मोजता येणारं, साध्य होणारं, वगैरे, मुलाच्या शाळेतपण शिकवलंय. पण ही आद्याक्षरं पहिल्यांदा छापून आली १९८१ मध्ये, जॉर्ज डोरन नावाच्या माणसाच्या एका छोट्या लेखात, आणि त्यातला ए "अचीव्हेबल"चा नव्हताच. तो होता "असाइनेबल"चा. म्हणजे हे करणार कोण, ते कोणाच्या नावावर आहे. पुढे कुठेतरी लोकांनी तो बदलून "साध्य होणारं" केलं आणि सगळ्यात कामाची गोष्टच गळून गेली, असं माझं मत.

कारण यादीतला तो पंप. "पंप दुरुस्त करणे, डिसेंबर अखेर." नेमकं आहे, मोजता येतं, साध्य होतं, मुदत आहे, सगळं आहे. कोण करणार ते नाही. मला वाटलं नवरा नेईल, नवऱ्याला वाटलं दीर येतोय मुंबईहून तर तो येताना पार्ट आणेल, दिराला वाटलं झालं असेल, तात्यांना वाटलं आता पोरं बघतात सगळं. फवारणीच्या दिवशी सकाळी सात वाजता गडी हजर, औषध पाण्यात मिसळून तयार, आणि पंप ढिम्म. दोरी ओढून ओढून नवऱ्याचा खांदा दुखायला लागला. मिसळलेलं औषध तसंच ठेवता येत नाही, शेवटी वाडीतल्या एकांकडून पंप मागून आणला तोवर अकरा वाजले आणि वारा सुटला, अर्धं औषध कलमावर आणि अर्धं आमच्या अंगावर. त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोललं नाही. तेव्हापासून आमच्या फ्रीजवर काम लिहिलं की पुढे नाव लिहायचंच, आणि "आपण" हे नाव चालत नाही.

३०० पेट्यांचं काय झालं ते राहिलंच. त्याला जरा मागची पार्श्वभूमी आहे. २०२१ हा आमचा गावातला पहिला पूर्ण सीझन आणि मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. १६ मे, रविवार. शेवटचा माल झाडावर होता. आदल्या रात्रीपासून वारा, सकाळी तर माड जमिनीला टेकतायत असं वाटत होतं, आणि आंबे पडण्याचा आवाज, धप धप, एकेक नाही, सरीसारखा. आम्ही घरात बसून ऐकत होतो. देवगड बंदरात नांगरलेल्या होड्या बुडाल्या, खलाशांचे जीव गेले, त्यापुढे आमचे आंबे म्हणजे काहीच नाही, हे तेव्हाही कळत होतं तरी दुसऱ्या दिवशी चिखलात पडलेला खच बघून मी रडले. लाईट कितीतरी दिवस नव्हती. तात्यांनी त्या तारखेच्या चौकोनात लिहिलंय, "वादळ. ३ कलमं गेली. बाकी उभी." बस. आणि दोन दिवसांनी पडलेल्या फांद्या कापायला कोयता घेऊन बाहेर.

हे सगळं बघूनसुद्धा मी जानेवारीत ३०० लिहिलं. का तर मला गोल आकडा आवडला.

त्या सीझनला किती विकल्या? ४१. आणि त्यातल्या नऊ जणांनी फोन करून तक्रार केली, आंबा बाहेरून सोन्यासारखा, कापला तर आत पांढरट, आंबट, स्पंजसारखं. साका. एका बाईंनी फोटो पाठवला आणि खाली हात जोडलेला इमोजी, तो शिवीपेक्षा जास्त लागला. पैसे परत केले, माझी मैत्रीण होती त्यातली एक, तिने घेतले नाहीत, ते अजून वाईट.

साक्याचं असंय की तो एकाच कारणाने होत नाही, पण उन्हाची धग, तापलेल्या जमिनीची धग हे त्यातलं मोठं कारण. आणि आमची बाग कातळावर. इथली बरीच कलमं तशीच, जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे केले, त्यात माती भरली आणि लावली. एप्रिलमध्ये दुपारी त्या कातळावर चप्पल घालून उभं राहवत नाही. आणि मी काय करत होते, जास्त पेट्या व्हाव्यात म्हणून बारा वाजेपर्यंत काढणी चालू ठेवायला लावत होते आणि काढलेला आंबा क्रेट भरेपर्यंत तिथेच कातळावर ढीग. आकड्याच्या मागे लागून आकडाच नासवला. गड्याने एकदा सांगितलंही होतं, वैनी उन्हात नको, मी म्हटलं अजून चार पेट्या होऊदेत.

लॅथम यांच्याच पुढच्या कामात एक गोष्ट आहे, ती त्या ट्रकवाल्या प्रयोगाइतकी फेमस नाही पण मला जास्त उपयोगी पडली. काम जर नवीन असेल, अजून जमत नसेल, तर आकड्याचं ध्येय उलट नडतं, तिथे "काय शिकायचं" असं ध्येय ठेवलेलं बरं. म्हणजे थेट विक्रीच्या पहिल्या वर्षी ३०० पेट्या हे ध्येय नव्हतंच, "देवगडहून निघालेला आंबा डोंबिवलीत चांगला का पोचत नाही याची कारणं शोधणे" हे होतं. पुढच्या सीझनला तेच लिहिलं. काढणी सकाळी दहाच्या आत बंद. आंबा झेल्यातून, म्हणजे काढणीच्या जाळी लावलेल्या काठीतून, निघाला की देठासकट थेट सावलीत, खाली भाताचा पेंढा. आणि पेटी गेली की आठव्या दिवशी गिऱ्हाईकाला फोन, तक्रार असो नसो. त्या फोनांमधून इतकं कळलं! एक आजोबा पेटी तशीच बंद ठेवायचे फॅनखाली, एकांनी कच्चाच फ्रीजमध्ये टाकला होता, एका घरी सगळे एकदम पिकले आणि खाणारे दोघंच. मग पेटीत एक हाताने लिहिलेली चिठ्ठी टाकायला लागले, पेंढ्यात पसरून ठेवा, रोज उलटून बघा, वास आला की खा, पिकण्याआधी फ्रीज नाही. आणि दोन डझनाचे छोटे बॉक्स सुरू केले. त्या वर्षी ११२ पेट्यांचा हिशोब झाला, तक्रारी चार. ३०० अजून झालेल्या नाहीत. होतील का माहीत नाही, झाडांवर आहे.

बाकी यादीतलं पटापट सांगते. पुस्तकं २४ नाही झाली आणि झाली असती तरी कोणाला दाखवायला. वजन जाऊदे. एक्सेल शिकले, पण कोर्स करून नाही, ऑफिसमधल्या एका मुलीला दर शुक्रवारी एक प्रश्न विचारून. आईकडे दर महिन्याला जाणं शक्यच नव्हतं, कणकवलीहून रात्रीची ट्रेन, तिकीट मिळायची मारामार, प्रत्येक महिन्याला "राहिलं" म्हणून अपराधी वाटायचं. आता रात्रीचा कुकर लावला की आईला फोन, तीन शिट्ट्या होईपर्यंत. कधी डाळ करपते. सिनियर झाले नाही, आणि खरं सांगू का, ते माझं ध्येय नव्हतंच, बरोबरीची मैत्रीण झाली म्हणून लिहिलं होतं. यादीत असे किती मुद्दे दुसऱ्याचे असतात ते एकदा बघा तुमच्या, माझे चौदातले निदान पाच. "शांत राहणे"वर काही बोलत नाही, नवरा हे वाचतो.

स्कूटर मात्र सांगायचीय. तीन वर्षं प्रत्येक यादीत. आमच्या वाडीतून वर रस्त्याला यायचं तर एक चढ आहे, उभा, वळणावर लाल खडी, त्याला बघूनच माझे पाय गळायचे. जामसंड्याला बँकेत जायचं तरी नवऱ्याला विचारायचं, तू कधी जाणारेस. चाळिशीला आलेली बाई, चारशे लोकांचे पगार करते, आणि कोथिंबीर आणायला कोणाच्या तरी मागे बसून जाते. पण यादीत "स्कूटर शिकणे" लिहिलं की मला डोळ्यासमोर तो चढच यायचा आणि मग आज नको.

शेवटी गेल्या वर्षी मे महिना संपल्यावर मी असं लिहिलं, कालनिर्णयवरच, जूनच्या पानावर, "रविवारी दूधवाला येऊन गेला की गाडी घेऊन सड्यावर." चढाचा उल्लेखच नाही. सडा म्हणजे आमच्या वरचा मोकळा कातळ, पार क्षितिजापर्यंत सपाट, पावसाळ्यात हिरवागार, आपटायला झाड नाही की माणूस नाही. गाडी तिथवर मुलगा चालवत न्यायचा (हो, लायसन नाही त्याला, मी ढकलत नेते असं समजा). पहिल्या रविवारी फक्त चालू करून बंद करणे. दुसऱ्या रविवारी दहा फूट, पाय जमिनीवर घासत, बदकासारखी. पाचव्या की सहाव्या रविवारी पडले, गुडघा फुटला, घरी आले तर तात्या पडवीत. मला वाटलं आता पुरे म्हणतील. ते गुडघ्याकडे बघून म्हणाले, "हळद लाव. रस्तो खय पळान जाणा नाय."

गणपतीनंतर तालुक्याला जाऊन शिकाऊ लायसन काढलं, दिवाळीनंतर पक्कं. चढ पहिल्यांदा चढले तो दिवस काही मी ठरवलेला नव्हता, मुलाचा डबा घरी राहिला होता आणि घरात गाडी चालवणारं कोणी नव्हतं. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली. मागून येणारा टेंपोवाला थांबला, हॉर्न वाजवला नाही, इंजिन बंद करून बसून राहिला बिचारा. मी ब्रेक दाबून परत चालू केली आणि वर गेले. डबा पोचला तेव्हा मधली सुट्टी संपली होती.

यंदा यादी नाहीये. दारामागच्या कॅलेंडरवर तीन वाक्यं आहेत, तिन्हीत "की" आहे, आणि प्रत्येकापुढे नाव. त्यातलं एक, "वरच्या बागेत बोंगे फुगले की पाईप-पंप काढून चालवून बघणे – सूनबाई." सूनबाई हे तात्यांनी लिहिलंय. आज सकाळी ते वरून फिरून आले, पेन्सिल मागितली, चौकोनात काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. पाईप अजून माळ्यावरच आहे. चला.